इंजिन पेट घेताना : घरच्या सिम्युलेटरमधील बिघाडांचे खरेपण

अस्सल आणि नक्कल यांच्यातील अंतर कोठे मोजावे, हा या अंकाने पुढे ठेवलेला प्रश्न घरच्या विमान-सिम्युलेटरला लावून पाहिला, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा पडद्यावरच्या ढगांत, धावपट्टीच्या दिव्यांत किंवा कॉकपिटमधील बटणांच्या हुबेहूब मांडणीत शोधले जाते. या गोष्टींचे मोल कमी नाही. मात्र नक्कल किती खोलवर गेली आहे याची खरी परीक्षा सगळे सुरळीत चालले असताना होत नाही. ती यंत्र बिघडते तेव्हा होते, आणि त्यातही जेट इंजिन सुरू होता होता बिघडते तेव्हा सर्वांत कठोरपणे होते, कारण आकाशात एका लयीत चालणाऱ्या इंजिनाचे वर्तन काही तक्त्यांत बसवता येत असले, तरी थंड आणि निश्चल इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागेपर्यंत जो साधारण मिनिटभराचा काळ जातो, त्यात हवा, इंधन, उष्णता आणि गती यांचे नाते क्षणोक्षणी बदलत असते आणि त्यांपैकी एकाचा तोल ढळला की उरलेल्या तिघांनाही तो सावरता येत नाही.

घरच्या सिम्युलेटरच्या जाहिरातींत ‘इतक्या शेकडो बिघाडांचा समावेश’ असे आवर्जून सांगितलेले असते. परंतु बिघाडांची यादी लांब असणे आणि बिघाड खरा वाटणे या दोन गोष्टींचा परस्परांशी फारसा संबंध नाही. सुरू होताना इंजिन तापले, तर ते कशामुळे तापले, ते तापू लागल्याची पहिली खूण कोणत्या मापकावर दिसली, ती ओळखण्यासाठी किती सेकंद मिळाले आणि वैमानिकाच्या हाताने त्या सेकंदांत काय बदलू शकले असते, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या सिम्युलेटरमध्ये सापडतात तेथेच त्या बिघाडाला अर्थ येतो.

सुरुवातीचे एक मिनिट

बोइंग ७३७ च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ पिढीतील विमानांना सीएफएम५६-७बी हे इंजिन असते. घरच्या सिम्युलेटरवर हे विमान अतिशय लोकप्रिय असल्याने इंजिन सुरू होण्याची प्रक्रिया त्याच्याच आधारे समजून घेणे सोयीचे आहे. या इंजिनात एकात एक बसवलेले दोन शाफ्ट असतात. पुढचा मोठा पंखा फिरवणाऱ्या शाफ्टच्या वेगाला ‘एन-१’ म्हणतात आणि आतल्या गाभ्याच्या, म्हणजे उच्च दाबाचा कॉम्प्रेसर व त्याला फिरवणारे टर्बाइन जोडणाऱ्या शाफ्टच्या वेगाला ‘एन-२’ म्हणतात, आणि दोन्ही वेग टक्क्यांत दाखवले जातात. इंजिन सुरू करायचे म्हणजे प्रथम हा गाभा बाहेरून फिरवायचा. ते काम ‘स्टार्टर’ नावाचे छोटे टर्बाइन करते आणि त्याला लागणारी दाबाखालची हवा विमानाच्या शेपटीतील ‘एपीयू’ या साहाय्यक इंजिनाकडून नळ्यांतून येते. हीच हवा केबिनचे वातानुकूलन चालवणाऱ्या ‘पॅक’ नावाच्या यंत्रणेलाही लागत असल्यामुळे इंजिन सुरू करण्यापूर्वी पॅक बंद करणे ही केवळ यादीतील एक ओळ राहत नाही; ते बंद केले नाहीत तर स्टार्टरच्या वाट्याची हवा दुसरीकडे जाते.

एन-२ सुमारे २५ टक्क्यांवर पोहोचला की वैमानिक इंधनाचा खटका ‘कटऑफ’वरून ‘आयडल’वर नेतो, ज्वलनकक्षात इंधनाचा फवारा व ठिणगी एकदमच येतात आणि त्यानंतर सर्वांचे लक्ष ‘ईजीटी’ या मापकाकडे, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वायूच्या तापमानाकडे लागते. १० सेकंदांत हे तापमान वाढू लागले नाही तर प्रयत्न सोडून द्यायचा, असा नियम आहे. ते वाढू लागले की टर्बाइनकडून मिळणारी शक्ती हळूहळू स्टार्टरच्या शक्तीत मिसळते, एन-२ सुमारे ५६ टक्क्यांवर गेल्यावर स्टार्टर आपोआप सुटतो आणि इंजिन ६० टक्क्यांच्या आसपास, कोणाच्याही आधाराशिवाय, मंद गतीत स्थिरावते. या संपूर्ण काळात ईजीटीने ७२५ अंश सेल्सिअसची मर्यादा ओलांडायची नसते. चालत्या इंजिनाला याहून बरीच जास्त मर्यादा दिलेली असते, परंतु सुरू होताना गाभ्यातून वाहणारी हवा अत्यल्प असल्याने टर्बाइनच्या पात्यांना थंडावा देणारा प्रवाहच पुरेसा नसतो.

तोल कोठे ढळतो

ओलसर लाकडांची चूल फुंकणीने पेटवताना लाकूड भरमसाट आणि फुंकर तोकडी असली की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना इंजिनाच्या या मिनिटातील मूळ अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. कमी वेगात कॉम्प्रेसर अतिशय अकार्यक्षम असतो. तो जेवढी हवा दाबून पुढे ढकलतो, तेवढ्याच हवेच्या हिशेबाने इंधन यायला हवे, आणि टर्बाइनने त्या ज्वलनातून कॉम्प्रेसरला लागते त्याहून थोडी जास्त शक्ती काढायला हवी, तरच वेग वाढतो. स्टार्टरला मिळणारा हवेचा दाब कमी असेल, विमानतळ उंचावर असून हवाच विरळ असेल, किंवा मागून येणारा वारा पंख्याला उलट्या दिशेने फिरवू पाहत असेल, तर वेग रेंगाळतो, इंधन मात्र येत राहते आणि तापमान मर्यादेकडे धावू लागते. यालाच ‘हॉट स्टार्ट’ म्हणतात. तापमान फारसे भडकले नाही, पण एन-२ मंद गतीच्या खालीच कोठेतरी अडकून पडला, तर ती ‘हंग स्टार्ट’ ठरते. इंधन आले आणि ठिणगीने ते पेटवलेच नाही, तर ‘वेट स्टार्ट’ होते आणि न पेटलेले इंधन इंजिनाच्या पोटात साचते, जे उशिरा पेटले तर आधी थंड दिसणारी स्थिती काही सेकंदांत हॉट स्टार्टमध्ये बदलू शकते. म्हणजे पुस्तकात तीन शीर्षकांखाली येणारे हे तीन प्रकार प्रत्यक्षात एकमेकांत शिरणारे असतात.

यात इंजिनाच्या आधीच्या इतिहासाचाही वाटा असतो. नुकतेच बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करताना आत उरलेली उष्णता मर्यादेपर्यंतचे अंतर आधीच कमी करून ठेवते. याखेरीज इंजिन बंद पडल्यावर गरम हवा वर साचते, त्यामुळे शाफ्टची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा अधिक प्रसरण पावते आणि शाफ्टला किंचित बाक येतो, ज्याला ‘बोड रोटर’ म्हणतात. असा वाकलेला शाफ्ट एकदम वेगाने फिरवला तर पात्यांची टोके बाहेरच्या आवरणाला घासू शकतात. एअरबस ए३२०निओ विमानांसाठी बनवलेल्या प्रॅट अँड व्हिटनीच्या पीडब्ल्यू११००जी इंजिनात हा प्रश्न सुरुवातीलाच इतका ठळक झाला, की पहिले ग्राहक म्हणून ठरलेल्या कतार एअरवेजने विमान स्वीकारले नाही आणि ते जानेवारी २०१६ मध्ये प्रथम लुफ्थान्साकडे गेले. भारतात इंडिगोने त्याच वर्षी मार्चमध्ये आपले पहिले निओ घेतले. बाक सरळ होईपर्यंत इंधनाविना इंजिन फिरवत ठेवावे लागत असल्याने या इंजिनांना सुरू होण्यास काही मिनिटे लागत, आणि पुढे नियंत्रक संगणकाच्या प्रणालीत व इंजिनाच्या रचनेत बदल करून हा वेळ कमी करण्यात आला. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एका उड्डाणानंतर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा निघणाऱ्या विमानाला हा प्रश्न रोजच भेटणारा होता. सिम्युलेटरमध्ये तो आणायचा असेल तर इंजिनाला स्मृती असावी लागते, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी नसते.

उघड्या गणिताचे वाचन

सिम्युलेटरच्या आत काय चालते हे सहसा बाहेरच्यांना दिसत नाही, कारण व्यापारी उत्पादनांचे गणित बंदिस्त असते. ‘जेएसबीसिम’ हा याला मोठा अपवाद आहे. जॉन बर्न्ट यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेली आणि ‘फ्लाइटगियर’ या मुक्त सिम्युलेटरमध्ये वापरली जाणारी ही उड्डाण-गणिताची प्रणाली कोणालाही वाचता येते, आणि तिच्यातील टर्बाइन इंजिनाची संहिता काळजीपूर्वक वाचली तर घरच्या सिम्युलेटरमध्ये ‘इंजिन सुरू होणे’ म्हणजे काय असते याचे अत्यंत स्पष्ट दर्शन घडते.

या संहितेत इंजिन नेहमी काही ठरावीक अवस्थांपैकी एकीत असते: बंद, स्टार्टरने फिरणारे, सुरू होणारे, चालू, स्टॉल झालेले, जाम झालेले. स्टार्टर लावला की एन-२ ला सुमारे २५ टक्क्यांचे लक्ष्य दिले जाते आणि तो ठरलेल्या दराने त्या लक्ष्याकडे सरकतो. इंधन सुरू असून एन-२ १५ टक्क्यांच्या वर असेल तर अवस्था ‘सुरू होणारे’ अशी बदलते, वेगाला मंद गतीचे लक्ष्य मिळते आणि ईजीटीला बाहेरच्या हवेच्या तापमानापेक्षा ३६३.१ अंशांनी जास्त असे लक्ष्य मिळते, ज्याकडे ते दर सेकंदाला सुमारे २१ अंश या दराने चढते. म्हणजे बाहेर ३० अंश तापमान असेल तर ईजीटी ३९३ अंशांवर जाऊन थांबणार, मग स्टार्टरला हवा किती मिळाली, वारा कोठून आला किंवा इंधन केव्हा सोडले, यांपैकी कशानेही तो आकडा हलणार नाही. इंधन वेळेआधी सोडले तर खऱ्या इंजिनात तापमान उसळण्याचा धोका असतो. येथे १५ टक्क्यांची रेषा ओलांडेपर्यंत काहीच घडत नाही आणि ती ओलांडल्यावर इंजिन निमूटपणे सुरू होते. इंजिन बंद केल्यावर हेच तापमान दर सेकंदाला ७ अंशांहून थोडे अधिक या दराने उतरते, म्हणजे मंद गतीवरून बंद केलेले इंजिन साधारण ५० सेकंदांत पूर्ण थंड झालेले असते. उरलेल्या उष्णतेचा, वाकलेल्या शाफ्टचा किंवा घाईने केलेल्या दुसऱ्या प्रयत्नाचा प्रश्न या गणितात उपस्थितच होऊ शकत नाही.

हे वाचून जेएसबीसिमला कमी लेखणे अन्यायाचे होईल. विमान हवेत कसे वागते हे मोजण्यासाठी ही प्रणाली बनली, त्या कामात ती अत्यंत विश्वासार्ह आहे, आणि ज्याला खोलवर जायचे आहे त्याने तिच्यावर आपली स्वतंत्र यंत्रणा रचावी यासाठी तिची दारे उघडी आहेत. महत्त्वाचा आहे तो तिच्यातून दिसणारा विचार: तापमान येथे कशाचाही परिणाम म्हणून उद्भवत नाही, ते एका ठरलेल्या आकड्याकडे नेले जाते. हीच रीत थोड्याफार फरकाने अनेक सिम्युलेटरच्या मूळ इंजिनांत आढळते, आणि अशा इंजिनात बिघाड आणायचा तर तो बाहेरून चिकटवण्यावाचून गत्यंतर नसते.

यादीतून निवडलेला बिघाड

बाहेरून चिकटवण्याची पद्धत जुनी आहे. मायक्रोसॉफ्टच्या २००६ सालच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’मध्ये बिघाडांचे एक पान होते, ज्यावर एखादी यंत्रणा निवडून ती किती मिनिटांपासून किती मिनिटांच्या दरम्यान निकामी व्हावी हे ठरवता येई. ‘एक्स-प्लेन’ने ही यादी कितीतरी पुढे नेली, त्यात स्टार्टर, ठिणगीची यंत्रणा, हंग स्टार्ट, कॉम्प्रेसर स्टॉल असे बिघाड इंजिनागणिक वेगळे निवडता येतात आणि ते ताबडतोब, ठरावीक वेळी, ठरावीक उंचीवर, ठरावीक वेगाला किंवा सरासरी इतक्या तासांतून एकदा अशा अटींवर घडवून आणता येतात. सरावासाठी ही सोय उपयोगी आहे, कारण एकच प्रसंग हवा तितक्या वेळा उभा करता येतो आणि हाताला त्या प्रसंगातील क्रम लागतो.

मर्यादा दिसते ती कारण शोधू लागल्यावर. यादीतून निवडलेली हंग स्टार्ट ही पॅक बंद असोत की चालू, एपीयूचा दाब पुरेसा असो की अपुरा, तितकीच घडते. म्हणून ती घडण्यापूर्वी हवेच्या नळीतील दाब दाखवणाऱ्या मापकाकडे पाहण्याची सवय वापरकर्त्याला लागत नाही, आणि लागली तरी त्या मापकावर त्याला काही सापडत नाही. सरासरी काळावर सोडलेला बिघाड आणखी वेगळी अडचण आणतो. खऱ्या इंजिनात हॉट स्टार्ट कधीही सारख्याच शक्यतेने येत नाही. ती उन्हाळ्याच्या दुपारी, थकलेल्या एपीयूवर, मागचा वारा असताना आणि घाईच्या दुसऱ्या प्रयत्नात अधिक संभवते, आणि अनुभवी वैमानिक त्या परिस्थितीतच आधीपासून सावध असतो. घरच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला असा अंदाज बांधण्याजोगे काही दिलेले नसेल, तर त्याच्याकडे फक्त प्रतिक्षिप्त क्रिया उरते.

एक साधी पाहणी यासंदर्भात उद्बोधक ठरते, आणि ती कोणत्याही सिम्युलेटरवर करता येते. पॅक मुद्दाम चालू ठेवून स्टार्टर लावावा आणि एन-२ किती टक्क्यांवर रेंगाळतो हे पाहावे. इंधनाचा खटका मुद्दाम लवकर पुढे न्यावा. इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू करावे आणि ईजीटी कोठून चढू लागतो ते पाहावे. मागचा वारा वाढवून पंख्याची हालचाल न्याहाळावी. या चार प्रयोगांत मापकांवर काहीच फरक पडला नाही, तर त्या सिम्युलेटरमधील इंजिन सुरू होणे म्हणजे ध्वनी आणि काट्यांची रचलेली चित्रफीत आहे असे खुशाल समजावे, मग त्याच्या बिघाडांच्या यादीत कितीही नावे असोत.

कारणासकट आलेला बिघाड

या दृष्टीने ‘हॉटस्टार्ट’ या नावाच्याच छोट्या गटाने २०१८ मध्ये एक्स-प्लेनसाठी आणलेले टीबीएम ९०० हे विमान विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्याचे पीटी६ इंजिन टर्बोप्रॉप जातीचे, म्हणजे प्रोपेलर फिरवणारे असले तरी गाभा जेटचाच आहे, आणि त्याच्यात इंधन केव्हा सोडायचे हे ठरवणारा संगणक नाही. ते काम वैमानिकाच्या हाताचे आहे. गाभ्याचा वेग १३ टक्क्यांवर गेल्यानंतर इंधनाचा दांडा पुढे न्यायचा असतो, आणि स्टार्टर विजेवर चालणारा असल्याने हा वेग बॅटरीच्या स्थितीवर अवलंबून असतो. या सिम्युलेटरमध्ये बॅटरी उतरलेली असेल तर स्टार्टर खरोखरच हळू फिरतो, हवा कमी पडते आणि तापमान वाढते. वैमानिकाने ते ओळखून इंधन तोडले नाही तर टर्बाइनला इजा होते आणि ती इजा संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी परत आल्यावरही टिकून राहते, देखभालीच्या पानावर जाऊन दुरुस्त करेपर्यंत. हॉट स्टार्ट येथे कोणी निवडलेली नसते, ती वापरकर्त्याने आदल्या दिवशी चालू ठेवलेल्या दिव्यांतून जन्म घेते, आणि इंजिनाला हवी होती ती स्मृती येथे खऱ्या अर्थाने सापडते.

मोठ्या प्रवासी विमानांत मात्र गुंता वेगळा आहे, कारण तेथे वैमानिक आणि इंजिन यांच्यामध्ये ‘फाडेक’ हा इंजिनावर बसवलेला नियंत्रक संगणक उभा असतो. एअरबस ए३२० मध्ये वैमानिकाने खटका लावला की पुढचे सारे फाडेक पाहतो. तापमान मर्यादेकडे जात आहे किंवा ठिणगीने इंधन पेटलेले नाही असे दिसले तर तो स्वतःच इंधन तोडतो, साचलेले इंधन व वाफ बाहेर टाकण्यासाठी इंजिन कोरडे फिरवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. ७३७ मध्ये हे संरक्षण तुलनेने मर्यादित आहे: खटका आयडलवर नेल्यापासून १५ सेकंदांत तापमान ४२ अंशांनी वाढले नाही तर जमिनीवर असताना संगणक इंधन व ठिणगी बंद करतो, आणि हॉट स्टार्ट होऊ घातली असेल तर ईजीटीच्या आकड्याभोवतीची पांढरी चौकट लुकलुकू लागते. वैमानिकाचा १० सेकंदांचा नियम यंत्राच्या १५ सेकंदांच्या आधी येतो, ही बाब मुद्दाम थांबून पाहण्यासारखी आहे. माणसाने यंत्रावर विसंबून राहू नये एवढी जागा त्या पाच सेकंदांत ठेवलेली आहे. म्हणून या विमानांच्या सिम्युलेटरने दोन स्वतंत्र गोष्टी उभ्या करायला हव्यात, एक इंजिनाचे भौतिक वर्तन आणि दुसरे त्यावर नजर ठेवणाऱ्या संगणकाचे निर्णय. पहिले नसताना दुसरे उभे केले तर फाडेक अशा संकटाला उत्तर देतो जे त्याच्या समोर कधी उद्भवलेलेच नसते. अलीकडच्या काही निर्मात्यांनी, उदाहरणार्थ ‘फेनिक्स’ने आपल्या ए३२० साठी, मूळ सिम्युलेटरचे इंजिन बाजूला सारून स्वतःचे इंजिन-गणित लिहिण्याचा मार्ग धरला, त्याचे कारण हेच आहे; हा मार्ग खर्चिक आणि कष्टाचा आहे, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

व्यावसायिक सिम्युलेटरची कसोटी

विमान कंपन्यांचे वैमानिक ज्या हलत्या, कोट्यवधी रुपयांच्या ‘लेव्हल डी’ सिम्युलेटरमध्ये शिकतात तेथे हा प्रश्न सुटलेला असेल, अशी समजूत स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या हवाई नियमांतील ‘भाग ६०’ वाचला तर वेगळे चित्र दिसते. सिम्युलेटरला मान्यता देताना चालत्या इंजिनाचा वेग किती काळात चढतो आणि किती काळात उतरतो हे प्रत्यक्ष विमानावरच्या नोंदींशी आकड्यांत ताडून पाहिले जाते. हॉट स्टार्ट, हंग स्टार्ट आणि टेलपाइपमधील, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीतील, आग या गोष्टी मात्र त्या यादीत येतात जी तज्ज्ञ परीक्षक समोर बसून आपल्या जाणकारीने तपासतो. याला सबळ कारण आहे. मंद गतीच्या खालच्या टापूत कॉम्प्रेसर व टर्बाइन कसे वागतात याची मोजमापे मिळवणे अवघड असते, म्हणून वरच्या वेगांवरील आलेख खाली वाढवून अंदाज बांधावा लागतो. आणि खऱ्या इंजिनात मुद्दाम हॉट स्टार्ट घडवून नोंद घेणे म्हणजे एक महागडे टर्बाइन पणाला लावणे.

१३ डिसेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मॉरिसव्हिलजवळ जेटस्ट्रीम जातीचे एक प्रवासी विमान कोसळले, ज्यात इंजिन निकामी झाल्याची वैमानिकाने करून घेतलेली समजूत चुकीची होती. त्यानंतर विमान-उद्योगाने इंजिनातील बिघाड आणि त्यांना वैमानिकांनी दिलेला अयोग्य प्रतिसाद यांचा व्यापक अभ्यास हाती घेतला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल निघाला. प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरमध्ये इंजिनाच्या बिघाडांचे आवाज, हादरे आणि मापकांची वागणूक वास्तवाशी पुरेशी जुळत नाही, हे त्यातील एक महत्त्वाचे निरीक्षण होते. घरच्या सिम्युलेटरचे मूल्यमापन करताना ही पार्श्वभूमी विसरता कामा नये. जे काम व्यावसायिकांनाही पूर्ण साधलेले नाही, त्याच्या दिशेने चार-दोन माणसांचे गट घरी बसून जे अंतर कापत आहेत ते आदरास पात्र आहे.

हवेतील पुनरारंभ

जमिनीवर इंजिन सुरू झाले नाही तर उड्डाण रखडते. हवेत बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करताना सिम्युलेटरच्या गणितातील त्रुटी अधिक गंभीर अर्थ धारण करते. १४ ऑक्टोबर २००४ रोजी पिनॅकल एअरलाइन्सचे सीआरजे-२०० विमान प्रवाशांविना जात असताना ४१,००० फुटांवर त्याची दोन्ही इंजिने बंद पडली. वाऱ्याच्या जोरावर गाभा फिरवून इंजिन सुरू करायचे तर किमान ३०० नॉटचा वेग हवा होता, तो राखला गेला नाही. थंड होताना इंजिनाचे भाग वेगवेगळ्या दरांनी आकुंचन पावले, किमान एका इंजिनाचा गाभा आत घट्ट अडकून बसला आणि एपीयूच्या हवेनेही तो फिरला नाही. विमान मिसुरी राज्यातील जेफरसन सिटीजवळ कोसळून दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. गाभा असा अडकून बसण्याला ‘कोअर लॉक’ म्हणतात. जेएसबीसिमच्या संहितेत बंद इंजिनाचा एन-२ हा समोरून येणाऱ्या हवेच्या गतिज दाबाला १५ ने भागून येतो, त्यामुळे सुमारे २६० नॉटला तो आवश्यक १५ टक्क्यांवर पोहोचतो आणि इंजिन सुरू होते, मग त्याआधी ते कितीही वेळ थंडगार हवेत पडून राहिलेले असो.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान कोसळल्यानंतर भारतीय तपास संस्थेने जो प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला, त्यातील काही ओळी या विषयाशी थेट जोडलेल्या आहेत. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनखटके एका सेकंदाच्या अंतराने कटऑफवर गेले आणि सुमारे दहा सेकंदांनी पहिल्या, तर आणखी चार सेकंदांनी दुसऱ्या इंजिनाचा खटका परत ‘रन’वर, म्हणजे इंधन सुरू करण्याच्या स्थितीत, आला; दोन्हीकडे ईजीटी वाढल्याचे, म्हणजे इंधनाने पुन्हा पेट घेतल्याचे नोंदले गेले. पहिल्या इंजिनाच्या गाभ्याची घसरण थांबून तो सावरू लागला होता, तर दुसऱ्या इंजिनात नियंत्रक पुन्हा पुन्हा इंधन सोडत असूनही वेगाची घसरण थांबत नव्हती. पहिला खटका परत आल्यापासून नोंद संपेपर्यंत साधारण १९ सेकंद गेले. पेट घेणे आणि शक्ती देणे यांच्यामध्ये किती अंतर असते, हे या नोंदीइतके स्पष्टपणे क्वचितच समोर आले असेल.

या अपघातानंतर घरच्या सिम्युलेटरवर ते क्षण पुन्हा उभे करण्याचे प्रयत्न झाले आणि त्यांच्या चित्रफिती मराठी घरांतही मोठ्या उत्सुकतेने पाहिल्या गेल्या. खटके कोठे असतात, ते कसे हलतात, कॉकपिटमध्ये काय दिसते, हे समजून घेण्यापुरता त्यांचा उपयोग नाकारता येणार नाही. परंतु ‘इंजिन सावरायला इतके सेकंद लागले असते’ असा निष्कर्ष त्यातून काढणे सर्वथा चुकीचे आहे, कारण मंद गतीच्या खाली घसरत जाणाऱ्या गाभ्याचे जे वर्तन उद्योगालाही अंदाजाने मांडावे लागते, ते घरच्या सिम्युलेटरमध्ये बहुधा एका ठरीव दराने चढणारा काटा एवढेच असते. ज्या घटनेत २६० माणसे गेली तिच्याविषयी बोलताना हा फरक ध्यानात ठेवणे ही किमान जबाबदारी आहे.

कॉकपिटबाहेरचा आवाज

एक बिघाड असा आहे, ज्यात गणित कितीही खोल असले तरी एकट्या वापरकर्त्याला खरेपण लाभत नाही. वेट स्टार्टमध्ये साचलेले इंधन टर्बाइनच्या मागच्या भागात पेटले की टेलपाइपमधून ज्वाळा बाहेर पडतात. आगीची सूचना देणारे संवेदक इंजिनाच्या आवरणात, गाभ्याच्या बाहेर बसवलेले असल्याने कॉकपिटमध्ये घंटा वाजत नाही, आणि ईजीटी काही वेळा थोडासाच चढलेला दिसतो. बातमी येते ती विमानाशेजारी कानाला यंत्र लावून उभ्या असलेल्या ग्राउंड इंजिनिअरकडून, नियंत्रण मनोऱ्याकडून किंवा खिडकीतून पाहणाऱ्या केबिन कर्मचाऱ्यांकडून. त्यावर करावयाची कृतीही हाताला लागलेल्या सवयीच्या उलट आहे: इंधन तोडायचे, पण इंजिन फिरवत ठेवायचे, म्हणजे आतली ज्वाला हवेच्या प्रवाहाने विझून बाहेर फेकली जाईल. आगीचे हँडल ओढण्याची ऊर्मी येथे आवरावी लागते, कारण ते ओढल्याने हवेचा मार्ग बंद होऊन इंजिन फिरवणेच अशक्य होऊ शकते. विमानातील माणसे ज्वाळा पाहून दारे उघडून बाहेर उड्या टाकतात त्यात होणाऱ्या इजा अनेकदा आगीपेक्षा जास्त असतात, म्हणून केबिनशी वेळेवर बोलणे हाही त्या कृतीचाच भाग आहे.

घरच्या सिम्युलेटरमध्ये ही आग आणताना बहुतेकदा ती सामान्य इंजिन-आग म्हणूनच येते, लाल दिवा आणि घंटेसह, आणि मग वापरकर्ता नेमकी चुकीची कृती शिकतो. यावरचा मार्ग मात्र फारसा महाग नाही. एक्स-प्लेनमध्ये प्रशिक्षकासाठी वेगळा पडदा असतो, जो दुसऱ्या संगणकावर उघडून कॉकपिटमधील माणसाच्या नकळत बिघाड घडवता येतो. शेजारच्या खोलीत बसलेली व्यक्ती ग्राउंड इंजिनिअरची भूमिका घेऊन हेडफोनवर ‘दोन नंबरच्या इंजिनमागे ज्वाळा दिसत आहेत’ एवढेच सांगू शकते, कॉकपिटमध्ये एकही दिवा न लावता. त्यानंतर वैमानिकाचा हात प्रथम कोणत्या खटक्याकडे गेला, स्टार्टर चालू राहिला की नाही, हवेचा दाब पाहिला गेला की नाही आणि केबिनला काय सांगितले गेले, याची नोंद त्याच व्यक्तीने घ्यायची असते, आणि मग दोघांनी जागा बदलून तोच प्रसंग, या वेळी ईजीटी न चढवता, पुन्हा उभा करायचा असतो.